त्रिंबक मिस्तरींचा वहीम

चौसाळ्यात हायवेला लागून त्रिंबक नाईकवाडे यांचं गॅरेज आहे. पाटीवर ‘त्रिंबक मिस्तरी’ एवढंच लिहिलंय आणि खाली एक पाना काढलाय. हा पाना रंगाऱ्याने न सांगताच काढला होता. न सांगता आणि फुकट कोणी काही कशाला काढेल, या विचाराने मिस्तरींना पुढे दोन महिने चैन नव्हतं. रंगाऱ्याला त्यांनी तीनदा गाठलं. शेवटी तो कंटाळून म्हणाला, मिस्तरी, रंग उरला होता. यावर त्यांचा विश्वास बसला नाही तो नाहीच.

संशय सगळ्यांनाच येतो. येतो आणि जातो. मिस्तरींचा मात्र वहीम होता, आणि वहीम एकदा आला की बाज टाकून मुक्कामाला राहतो. गाडी गॅरेजात शिरली की मिस्तरी आधी गाडीकडे बघत नसत, मालकाकडे बघत. हा आपल्याकडेच का आला? आधी कोणाकडे जाऊन आला? सांगतोय ते खरं किती आणि पोटात ठेवलंय किती? स्टेपनी, जॅक, टेप, पायाखालच्या चटयासुद्धा मालकाच्या देखत बघून घ्यायच्या. काढलेला जुना पार्ट कागदात गुंडाळून त्याच्या हातात द्यायचा, नाहीतर उद्या म्हणायचा बदललाच नाही. आणि काम झालं की चिठ्ठी. कोऱ्या कागदावर निळ्या पेनाने, गाडीत दोष काय होता, केलं काय, खाली तारीख आणि सही.

लोक मागे हसायचे, पण चिठ्ठी मानायचे. जुनी गाडी विकायची असली तर घेणारा म्हणायचा, मिस्तरींची चिठ्ठी आण मग बोलू. जो माणूस सख्ख्या मेव्हण्याच्या गाडीलाही डोळे झाकून चांगलं म्हणत नाही, त्याने लिहून दिलं म्हणजे ते खरंच असणार, असा हिशेब होता. मिस्तरींनाही याचा मनातून फार अभिमान होता.

हा स्वभाव उगाच झाला नव्हता. तरुणपणी वाळूजला एका वर्कशॉपात असताना त्यांनी एका बड्या माणसाच्या गाडीचा कपलर काढला. कपलर म्हणजे वायरींची जोडणी करणारी प्लास्टिकची डबी. तिची क्लिप आधीच तुटलेली होती. पण हात त्रिंबकचा लागलेला, म्हणून तोडलीही त्रिंबकनेच. सगळ्या वर्कशॉपासमोर त्यांची शोभा झाली आणि त्याच संध्याकाळी ते पिशवी घेऊन गावी आले. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. अगदीच नड असल्याशिवाय परक्याच्या गाडीचा कपलर उघडायचा नाही. तपासणी करायची तर कपलर बंद ठेवून, मागच्या बाजूने वायरीच्या कडेने टाचणी आत सरकवायची आणि टाचणीला मीटर लावायचं. या कसबात त्यांचा हात धरणारा बीडपर्यंत कोणी नव्हता.

आता पंचशीला ओव्हाळची गोष्ट. ती चौसाळ्याचीच. नवरा पुण्याला कंपनीत, महिन्या-दीड महिन्याने येणारा. पंचशीलाने रीतसर लायसन काढलं, प्रवासी गाडी चालवायचा बॅज काढला, जुनी सात सीटर पेट्रोल गाडी घेतली आणि चौसाळ्याहून बीडला नोकरीवर जाणाऱ्या सहा बायकांची ने-आण सुरू केली. त्यांत एक नर्स, दोन शिक्षिका, दोघी कचेरीतल्या आणि बँकेतल्या वर्षाराणी जोगदंड. चार वर्षांत एक दिवस उशीर नाही. हिच्या गाडीत बायका डबा उघडून निवांत पोहे खायच्या, एक जण तर स्वेटर विणायची. एवढी सरळ गाडी ती चालवायची.

नोव्हेंबर संपता संपता मांजरसुंब्याच्या अलीकडच्या चढावर सकाळी गाडीने पहिला झटका दिला. पंचशीलाने रेस दाबली तर गाडीत जीवच नाही, आणि दुसऱ्या क्षणी कोणी मागून ढकलावं तशी उसळली. मागे उसाचा ट्रक होता. त्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. आठवड्यात असं तीनदा झालं. बीडला पोहोचेपर्यंत ऊन वर यायचं आणि गाडी शहाण्यासारखी चालायची. तिसऱ्या वेळी वर्षाराणी चढावरच खाली उतरल्या आणि छातीवर हात ठेवून कडेला उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी दोन लहान लेकरं होती. त्या म्हणाल्या, पंचशीला, आता त्रिंबक मिस्तरींची चिठ्ठी आणल्याशिवाय आम्ही बसणार नाही. बाकीच्या पाच जणींनी माना हलवल्या.

पंचशीला दुपारी बीडहून आली ती थेट गॅरेजात. तिने झालं ते सगळं सांगितलं. मिस्तरींनी ऐकून घेतलं आणि ठेवणीतला पहिला प्रश्न विचारला, की आधी कुठं दाखवली. दुसरी एखादी खोटं बोलून मोकळी झाली असती. पंचशीलाने सरळ सांगितलं, की रविवारी इंजिनचा दिवा लागला होता, तुमचं गॅरेज बंद होतं, म्हणून समोर प्रविणकडे नेली. त्याने लॅपटॉप लावून दिवा घालवला आणि परत लागला तर घेऊन या म्हणाला.

झालं. इथेच मिस्तरींचं डोकं फिरलं. प्रविणने वर्षापूर्वी हायवेच्या पलीकडे काचेचं दार असलेलं गॅरेज टाकलं होतं. मिस्तरी रोज सकाळी त्या दाराकडे बघून दात घासायचे. ही बाई आपल्याकडे नियमाने सर्व्हिसिंग करते आणि बिघाड झाला की तिकडे जाते. तिकडून आल्यावर इथे चिठ्ठी मागते. यात काहीतरी पाणी मुरतंय. प्रविणने आतला पार्ट काढून डुप्लिकेट तर बसवला नाही? की दोघांनी मिळून आपल्या सर्व्हिसिंगवर ढकलायचं ठरवलंय?

तरी काम त्यांनी चोख केलं, म्हणजे आपल्या मते चोख केलं. आपला जुना स्कॅनर लावला. त्यात पुसलेल्या नोंदीची खूण उरलेली होती, थ्रॉटल पोझिशन सेन्सरची. आपण रेस दाबली की इंजिनात हवेची एक झडप उघडते. ती किती उघडली हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगायचं काम या बारक्या सेन्सरचं. त्याने खोटं सांगितलं की कॉम्प्युटर गोंधळतो आणि पेट्रोल कमी-जास्त सोडतो. सेन्सरला तीन वायरी. मिस्तरींनी कपलर बंद ठेवून तिन्हींत टाचण्या सरकवल्या. एकीवर पाच व्होल्ट, बरोबर. दुसरी अर्थिंगची, तीही ठीक. तिसरी खबर देणारी. झडप बंद असताना अर्धा व्होल्ट, आणि हाताने हळूहळू उघडत नेली तसा आकडा कुठेही न अडखळता साडेचारपर्यंत चढला. त्यांनी पाच वेळा उघडझाप केली. आकडा एकदाही चुकला नाही. मग त्यांनी एकट्याने गाडी हायवेला चार किलोमीटर पळवून आणली. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून ट्रायल घ्यायची नाही, हाही त्यांचा नियम होता. गिऱ्हाईक बोलून बोलून कान खराब करतं.

गाडी लोण्यासारखी चालली. दुपारचे अडीच वाजले होते, ऊन कडक होतं.

गाडीत दोष नाही, मग दोष कुठे? मिस्तरी पंचशीलाच्या पायांकडे बघत राहिले. बाईमाणूस, चढ, मागे ट्रक. घाबरून रेसवरचा पाय सुटत असणार, मग जोरात दाबला जात असणार. एकदा हे डोक्यात आलं आणि त्यांना फार बरं वाटलं, कारण सगळं जुळत होतं. त्यांनी चिठ्ठी लिहिली: ‘गाडी तपासली. थ्रॉटल सेन्सर ठीक. गाडीत दोष नाही. चालवणाराने रेसवरचा पाय सांभाळावा.’ तारीख, सही.

पंचशीलाने ती दोनदा वाचली. “मिस्तरी, माझा पाय न्हाई हलला,” ती म्हणाली. “चार वर्सं झाले, मला माझा पाय कळतो.”

मिस्तरी म्हणाले, की मीटर कोणाची भीड धरत नाही. कागदाची घडी करून तिने पर्समध्ये ठेवली. तिला ती फाडून टाकता आली असती, पण तिने बायकांना कबूल केलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशी ती वर्षाराणींच्या हातात दिली. त्या दिवसापासून सहाही जणी एस.टी.ने जाऊ लागल्या.

गावाला बोलायला विषय मिळाला. बाईने हायवेला गाडी घालूच नये, असं म्हणणारे आधी गप्प होते, ते मोकळे झाले. हॉटेलात एकाने वेगळंच काढलं. ही लोकं दसऱ्याला गाडी पूजत नाहीत, मग गाडी अशी रुसायचीच. मिस्तरी तिथेच चहा पीत होते. त्यांनी ऐकलं आणि बशीतला चहा संपवून उठले. त्यांच्याकडे यावर बोलण्यासारखं बरंच काही होतं, पण कशाला उगाच, असं त्यांना वाटलं. पंचशीलाच्या दारात गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. पंधरा दिवसांनी कळलं, की गेवराईचं कोणी गिऱ्हाईक रविवारी येऊन गाडी घेऊन जाणार आहे. मिस्तरींच्या मनात आलं, बरं झालं, भानगड मिटली.

त्याच आठवड्यात बुधवारी तात्याबा आले. तात्याबा हे एस.टी.तले निवृत्त कंडक्टर, मळ्यात घर बांधून राहिलेले, जुनी पेट्रोल गाडी जिवापलीकडे जपणारे. ते म्हणाले, सकाळी भाजी घेऊन निघालो की गाडी झटके देते, रेस घेत नाही, नऊनंतर आपोआप नीट होते. मिस्तरींच्या हातातला पाना हातातच राहिला. तात्याबांनी साठीपर्यंत कधी ब्रेकवरसुद्धा जोरात पाय दिला नव्हता. त्यांना पाय सांभाळा म्हणण्याची सोय नव्हती.

रात्रभर वहिमाने त्यांना झोपू दिलं नाही. दोन गाड्या, एकच खोड, आणि दोन्ही आपल्याच सर्व्हिसिंगच्या. हे आपोआप होत नाही, कोणीतरी केलंय. कोणी केलं असेल ते त्यांच्या मनात पक्कं होतं. दिवाळीच्या सुट्टीत गॅरेज बंद असताना प्रविण मागच्या पत्र्याकडून आत शिरला असेल. नाहीतर तात्याबांच्या मळ्यात माणूस पाठवला असेल. बायकोने, सरूबाईने, विचारलं की कावून तळमळताय, तर तिलाही त्यांनी नीट उत्तर दिलं नाही. उद्या पुरावा हातात घेऊन त्या काचेच्या दारात उभं राहायचं, एवढंच त्यांनी ठरवलं.

गुरुवारी सहाच्या आत मिस्तरी मीटर घेऊन मळ्यात हजर. दवाने बोनेट ओलं झालं होतं. त्यांनी तात्याबांना किल्ली फिरवायला लावली, कपलरच्या मागे टाचणी सरकवली आणि रेसला कोणालाही हात लावू दिला नाही. मीटरवर अर्धा व्होल्ट दिसायला हवा होता. आकडा अर्ध्यावर आला, शून्याकडे घसरला, एकदम सव्वावर गेला, परत घसरला. झडप जागची हललेली नव्हती. इंजिन धापा टाकायला लागलं. मिस्तरींनी कपलरला नुसतं बोट लावलं आणि गाडी बंद पडली.

असं दृश्य त्यांनी पंचशीलाच्या गाडीत पाहिलंच नव्हतं, कारण त्यांनी ती पाहिली भर दुपारी, सगळं वाळल्यावर. हे त्यांच्या ध्यानात आलं, पण त्या घटकेला प्रविण एवढा डोक्यात बसला होता की त्यांनी तो विचार बाजूला सारला. आता कपलर उघडणं भाग होतं. तात्याबांना समोर उभं करून, क्लिप शाबूत आहे हे दाखवून, त्यांनी तो उघडला.

आत तीन पितळी पिना होत्या, त्यांच्यावर हिरवट-पांढरा थर चढलेला. पिनांच्या मध्ये चिकट काळसर साका, त्याला दव लागून ओल धरलेली. तिन्ही वायरींची वीज त्या ओल्या साक्यातून एकमेकींत झिरपत होती, म्हणून आकडा नाचत होता. आणि कडेच्या रबरी पट्टीवर, अगदी कोपऱ्यात, लाल कण.

मिस्तरींनी ते नखावर घेतलं. “कायतरी केमिकल टाकलंय बघा,” ते तात्याबांना म्हणाले. “मी म्हनतच व्हतो.”

तात्याबांनी चष्मा चढवून नखाजवळ डोळे नेले. मग ते सावकाश म्हणाले, “मिस्तरी, कुंकू हाय ह्ये. खंडेनवमीला तुमीच वाहिलंत. मी व्हतो की तिथं, पेढा खाल्ला.”

मिस्तरी पायरीवर बसले.

खंडेनवमीला गॅरेजात हत्यारांची पूजा असते. पाने, जॅक, हवेचा पंप सगळं धुऊन-पुसून मांडायचं, आणि त्या दिवशी आवारात जेवढ्या गाड्या असतील त्यांनाही हळद-कुंकू. बाकीचे मिस्तरी चाकाशी नारळ फोडून मोकळे होतात. त्रिंबक मिस्तरींचं म्हणणं, गाडीचा जीव इंजिनात. म्हणून ते बोनेट उघडून इंजिनावर हळद-कुंकू वाहायचे आणि नारळाचं पाणी मनसोक्त शिंपडायचे. वर्षानुवर्षं करत होते. बहुतेक पाणी गरम इंजिनावर सुकून जायचं. पण यंदा गाड्या आदल्या दिवसापासून थंड पडलेल्या. जुन्या गाड्या, चिरलेली रबरं. नारळाचं पाणी गोड आणि खारं, वायरीवरून ओघळून कपलरमध्ये उतरलं आणि दोन महिने पितळ खात बसलं.

आणि त्या दिवशी आवारात दोन पेट्रोल गाड्या होत्या. एक तात्याबांची. दुसरी पंचशीलाची, सर्व्हिसिंगला लावून ती दसऱ्यासाठी नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. सरूबाई तेव्हा म्हणाली होती, की तिच्या गाडीला तिला विचारून करा. मिस्तरी म्हणाले होते, त्यात काय विचारायचं, भलंच होईल की तिचं.

प्रविणने काही केलं नव्हतं. पंचशीलाने केलं नव्हतं. जगात ज्याचा वहीम घ्यायचा राहिला होता असा एकच माणूस उरला होता, आणि त्याने मनापासून, हात जोडून, चांगल्या बुद्धीने हे केलं होतं.

तात्याबांचा कपलर त्यांनी साफ केला, पिना घासल्या, नवं रबर घातलं. गाडी ताबडतोब सुधारली. तात्याबांनी चहा दिला. परत येताना मिस्तरींच्या मनात एक विचार आला आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पंचशीलाकडे जायचं, सहज बघतो म्हणायचं, कपलर साफ करायचा. गाडी नीट होईल, बायका परत येतील, गेवराईचं गिऱ्हाईक जाईल परत. कोणाला काही कळायची गरज नाही. एवढ्या वर्षांची चिठ्ठी, तिची अब्रू राहील.

पंचशीला अंगणात ज्वारी पाखडत होती. मिस्तरींनी ताडपत्रीला हात घातला तशी ती सूप ठेवून आली आणि गाडीपुढे उभी राहिली.

“कावून आलात?”

“सहज, म्हनलं परत एकदा बघावं.”

“सहज तुमी कुनाच्या दारात जात न्हाई, मिस्तरी. आदी सांगा, मग बोनेट उघडा.”

आयुष्यभर मिस्तरी लोकांकडे ज्या नजरेने बघत आले, ती नजर आज समोरून येत होती. आणि ती कशी लागते हे ते वाळूज सोडल्यापासून विसरून गेले होते. त्यांनी दोन खोट्या गोष्टी मनात जुळवून पाहिल्या. मग त्यांनी सांगून टाकलं. नारळ, कुंकू, तात्याबांची गाडी, दुपारची तपासणी, सगळं. त्यांचं झाल्यावर पंचशीला बाजूला झाली. कपलर उघडला, तसाच हिरवा थर, तसाच लाल कोपरा. तिने तो डोळ्यांनी नीट पाहून घेतला.

“मला इचारायचं तरी व्हतं. गाडी माझी हाय,” ती म्हणाली.

मिस्तरींनी मान खाली घातली आणि चुकलं म्हणाले.

“ते मी इसरंन. तुमी भल्यासाठी केलं. पन चिठ्ठीत माझा पाय लिवलात तुमी. मला गाडी चालवताना एकदा तरी बघितलंय का?”

नव्हतं बघितलं. चार वर्षांत एकदाही नाही. मीटर लावलं होतं, स्कॅनर लावला होता, प्रविणचा, तिचा, तिच्या पायाचा वहीम घेतला होता. शेजारी बसून पाच मिनिटं बघणं तेवढं राहिलं होतं.

मिस्तरींनी पिना घासल्या, नवं रबर घातलं, तिथेच खिशातून कागद काढला आणि लिहिलं: ‘थ्रॉटल सेन्सरच्या कपलरमध्ये पाणी जाऊन पिना खराब झाल्या होत्या. दुरुस्त केल्या. गाडी ठीक.’ पंचशीलाने वाचला आणि परत दिला. पाणी कोणी घातलं ते यात नाही, असं ती म्हणाली. मग मिस्तरींनी खाली दोन ओळी जोडल्या: ‘हे पाणी माझ्या हाताने गेले. चालवणाराचा दोष नव्हता, आधीची चिठ्ठी चुकीची आहे. त्रिंबक नाईकवाडे.’

ते कागद ठेवून निघणार, तर तिने थांबवलं. ही चिठ्ठी मी नेऊन दिली तर मीच लिहून घेतली म्हणतील, उद्या सकाळी तुम्ही स्वतः या. मिस्तरी येतो म्हणाले.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला बसस्टॉपवर धुकं होतं. सहा जणी स्वेटर, स्कार्फ गुंडाळून एस.टी.ची वाट बघत उभ्या. पंचशीलाने गाडी आणून कडेला लावली. मिस्तरी उतरले आणि त्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. ‘माझ्या हाताने’ ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. स्टॉपवरचे बाकीचे लोकही ऐकत होते. पलीकडे काचेचं दार उघडून प्रविण झाडू हातात घेऊन उभा होता, त्यानेही ऐकलं असावं.

एस.टी. आली. दोन जणी चढून गेल्या, एक शिक्षिका घुटमळली आणि तीही गेली. उरल्या तिघी. वर्षाराणी मिस्तरींसमोर आल्या.

“मिस्तरी, तुमच्या मागच्या चिठ्ठीवर मी हिची गाडी सोडली,” त्या म्हणाल्या. “माझी लेकरं बारकी आहेत. आता या चिठ्ठीवर कसा भरवसा ठेवू, सांगा.”

मिस्तरींनी कागदाकडे पाहिलं, मग वर्षाराणींकडे.

“ठेवू नका, ताई,” ते म्हणाले. “माझ्यावर न्हाई, कागदावर बी न्हाई. चढापर्यंत बसा आन् तिचा पाय बघा. मी बी बघतो. मी बघितलेला न्हाई.”

वर्षाराणी पुढचं दार उघडून पंचशीलाच्या शेजारी बसल्या. बाकी दोघी मधल्या सीटवर. मिस्तरी मागे, पिशव्यांच्या जागी, गुडघे पोटाशी घेऊन. तिथून दोन सीटांच्या फटीतून पंचशीलाची चप्पल आणि रेसचं पेडल एवढंच दिसत होतं.

चढ आला. धुक्यातून पुढे ट्रकचे लाल दिवे आणि मागे दुसऱ्या ट्रकचा उजेड. पंचशीलाने गिअर बदलला आणि पाय टेकवला. दाबला असं म्हणता येणार नाही. निजलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवावा तसा टेकवला आणि चढाबरोबर तो केसाकेसाने खाली नेला. इंजिनाचा आवाज एका पट्टीत वर गेला. एवढा सबुरीचा पाय मिस्तरींनी आपल्या सगळ्या कारकिर्दीत कोणाचा पाहिला नव्हता, स्वतःचाही नाही. त्यांना रडू आलं. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते कोणाला दिसणार नव्हतं, म्हणून त्यांनी ते पुसलं नाही.

चढ संपला. वर्षाराणींनी दारावरचं धरलेलं हँडल सोडलं. त्या पंचशीलाला म्हणाल्या, “रविवारी तो गेवराईचा माणूस येणार आहे म्हणे?”

“येऊ द्या. चहा पाजून लावून देते,” पंचशीला म्हणाली, आणि आरशातून मागे बघत तिने विचारलं, “मिस्तरी, तुमाला कुठं उतरवू?”

“बीडपर्यंत बसतो,” मिस्तरी म्हणाले. “अजून बघायचंय.”